जैवइंधनांच्या शुद्धीकरणातील द्रव-द्रव पृथक्करण पद्धती आणि पाण्याचा हिशेब : मराठवाड्याच्या संदर्भात

प्रस्तावना

मिरज या रेल्वे जंक्शनचा मराठवाड्याशी आणि प्रस्तुत विषयाशी दुहेरी संबंध आहे. सन २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले प्रायोगिक प्रकल्प देशात हाती घेण्यात आले, त्यांत महाराष्ट्रातील मिरज व मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली या ठिकाणांचा समावेश होता. पुढे पंधरा वर्षांनी, १२ एप्रिल २०१६ रोजी, याच मिरजेहून निघालेली दहा टाक्यांची रेल्वेगाडी सुमारे पाच लाख लिटर पिण्याचे पाणी घेऊन लातूर स्थानकात पोहोचली. एकाच गावाशी निगडित असलेल्या या दोन घटना एकत्र वाचल्या म्हणजे मराठवाड्यातील जैवइंधनाचा प्रश्न नेमका कोणता आहे, हे स्पष्ट होते. इंधन आपल्या शेतीतून निर्माण होऊ शकते. परंतु ते शुद्ध करण्यासाठी लागणारे पाणी आपल्याजवळ मुबलक नाही.

जैवइंधनासंबंधी मराठीत जे लेखन होते, त्यात पिके, शासकीय धोरण आणि दर यांची चर्चा विस्ताराने आढळते. तयार झालेले कच्चे इंधन इंजिनात घालण्यायोग्य कसे होते, या मधल्या टप्प्याकडे मात्र तुलनेने दुर्लक्ष होते. वस्तुतः इंधनाचा दर्जा, उत्पादनखर्च आणि सांडपाणी या तिन्ही गोष्टींवर या टप्प्याचा मोठा प्रभाव असतो. या टप्प्यातील एक महत्त्वाचे साधन म्हणजे द्रव-द्रव पृथक्करण, अर्थात एका द्रवातून दुसरा द्रव किंवा त्यात विरघळलेली अशुद्धी दुसऱ्या, न मिसळणाऱ्या द्रवाच्या साहाय्याने वेगळी करणे. प्रस्तुत लेखात या पद्धतींचे तत्त्व, बायोडिझेल व इथेनॉल यांच्या शुद्धीकरणातील त्यांचे स्थान आणि कमी पाण्यात अधिक शुद्धता मिळविण्याचे मार्ग यांचा विचार केला आहे. उसाच्या सिंचनाला लागणारे पाणी हा याहून कितीतरी मोठा व स्वतंत्र विषय आहे. येथील विवेचन कारखान्याच्या दारापासून आतील प्रक्रियेपुरते मर्यादित आहे.

पृथक्करणाचे मूलतत्त्व

तेल आणि पाणी एका भांड्यात ओतले असता दोन थर तयार होतात, हा नित्याचा अनुभव आहे. पाण्याचे रेणू ध्रुवीय असतात आणि परस्परांना घट्ट धरून राहतात. तेलाचे रेणू अध्रुवीय असल्यामुळे त्यांना या जाळ्यात शिरकाव मिळत नाही. अशा दोन थरांमध्ये तिसरा पदार्थ टाकला, तर तो दोहोंमध्ये सारख्या प्रमाणात विरघळत नाही. ज्या थराशी त्याचे रासायनिक साम्य अधिक, त्या थरात तो अधिक जातो. समतोल साधल्यानंतर दोन्ही थरांतील त्याच्या संहतींचे गुणोत्तर ठरावीक तापमानाला स्थिर असते. वॉल्थर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९१ मध्ये मांडलेला हा वितरण नियम पदवी वर्गाच्या अभ्यासक्रमात शिकविला जातो. या स्थिर गुणोत्तरास वितरण गुणांक असे म्हणतात.

अशुद्धी कोणत्या थरात जाईल हे वितरण गुणांक सांगतो. परंतु ते दोन थर एकमेकांपासून किती वेळात अलग होतील, हे वेगळ्याच नियमाने ठरते. एका द्रवात विखुरलेले दुसऱ्या द्रवाचे थेंब खाली बसण्याचा वेग हा स्टोक्सच्या नियमानुसार घनतेतील फरकाच्या आणि थेंबाच्या व्यासाच्या वर्गाच्या समप्रमाणात, तर सभोवतालच्या द्रवाच्या श्यानतेच्या म्हणजे दाटपणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. यातील 'व्यासाचा वर्ग' हा भाग व्यवहारात निर्णायक ठरतो. चाळीस अंश सेल्सिअस तापमानाच्या बायोडिझेलमध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या व्यासाचा पाण्याचा थेंब एक मीटर खाली उतरण्यास ढोबळमानाने पावणेदोन तास घेतो. तोच थेंब दहापट लहान असेल तर वेळ शंभरपट वाढून सुमारे सात दिवसांवर जातो. अपकेंद्री यंत्रात गुरुत्वाच्या हजारपट बल दिले, तर हेच अंतर दहा-अकरा मिनिटांत कापले जाईल. म्हणून द्रव-द्रव पृथक्करणाच्या प्रत्येक पद्धतीत दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालावा लागतो : अशुद्धी लवकर एका थरातून दुसऱ्या थरात जावी यासाठी थेंब लहान हवेत आणि थर लवकर अलग व्हावेत यासाठी ते मोठे हवेत.

बायोडिझेलमधील अशुद्धी

वनस्पती तेलाची मिथेनॉलशी उत्प्रेरकाच्या सान्निध्यात अभिक्रिया घडविली असता मेदाम्लांचे मिथाइल ईस्टर, म्हणजेच बायोडिझेल, आणि ग्लिसरीन तयार होते. ढोबळमानाने शंभर किलो तेल व अकरा किलो मिथेनॉल यांपासून शंभर किलो बायोडिझेल आणि दहा ते अकरा किलो ग्लिसरीन मिळते. अभिक्रिया पूर्णत्वास जावी म्हणून मिथेनॉल साधारणपणे गरजेच्या दुप्पट घेतात. त्यामुळे शेवटी हाती येणाऱ्या मिश्रणात बायोडिझेल व ग्लिसरीन यांखेरीज उरलेले मिथेनॉल, सोडियम किंवा पोटॅशियमयुक्त उत्प्रेरक, साबण आणि अपूर्ण अभिक्रिया झालेले तेल असते.

या प्रत्येक अशुद्धीचा इंजिनावर वेगळा परिणाम होतो. ग्लिसरीन टाकीच्या तळाशी साचून फिल्टर तुंबवते व ज्वलनाच्या वेळी इंधन फवारणाऱ्या नळीच्या तोंडाशी काजळी धरते. मिथेनॉलमुळे प्रज्वलनांक घसरून साठवण धोकादायक होते. साबण व धातूंचे अंश राखेच्या रूपाने मागे राहतात, तर पाण्यामुळे गंज चढतो आणि सूक्ष्मजीवांची वाढ होते. म्हणूनच भारतीय मानक ब्यूरोने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बायोडिझेलच्या मानकात मुक्त ग्लिसरीनची मर्यादा ०.०२ टक्के, एकूण ग्लिसरीनची ०.२५ टक्के, मिथेनॉलची ०.२ टक्के आणि पाण्याची दर किलोस ५०० मिलिग्रॅम अशी ठेवण्यात आली. शंभर किलोस दहा किलो ग्लिसरीन निर्माण होणाऱ्या प्रक्रियेतून अखेरीस शंभर किलोस वीस ग्रॅमच शिल्लक राहावे, एवढे काटेकोर काम शुद्धीकरणाला करावयाचे असते.

थर बसविणे व अपकेंद्रण

शुद्धीकरणाची पहिली पायरी सोपी आहे. ग्लिसरीनची घनता पाण्याच्या सव्वापट, तर बायोडिझेलची पाण्याच्या सुमारे ०.८८ पट असते. मिश्रण स्थिर ठेवले असता काही तासांत गडद तपकिरी ग्लिसरीन तळाशी व पिवळसर बायोडिझेल वर येते. उरलेल्या मिथेनॉलचा व उत्प्रेरकाचा बहुतांश भाग ग्लिसरीनबरोबर खाली जातो. लहान प्रकल्पांत शंकूच्या आकाराच्या तळाची टाकी, तर मोठ्या प्रकल्पांत अखंड चालणारे अपकेंद्री यंत्र वापरले जाते.

येथे कच्च्या तेलाची प्रत महत्त्वाची ठरते. लातूर हे सोयाबीनच्या बाजारपेठेचे व प्रक्रियेचे केंद्र असल्याने आपल्याकडील तेल उद्योगास याच प्रकारचे एक पृथक्करण पूर्वीपासून परिचित आहे. कच्च्या सोयाबीन तेलात अल्प प्रमाणात गरम पाणी मिसळले असता त्यातील फॉस्फोलिपिड फुगून तेलातून बाहेर पडतात आणि अपकेंद्री यंत्राने वेगळे केले जातात. यापासूनच लेसिथिन मिळते. सोयाबीन तेल खाद्य असल्याने बायोडिझेलसाठी आपल्या धोरणाचा भर अखाद्य तेलांवर व वापरून झालेल्या खाद्यतेलावर आहे. करंज, मोगली एरंड किंवा तळणीचे जुने तेल यांत मुक्त मेदाम्ले पुष्कळ असतात. ती उत्प्रेरकाशी संयोग पावून साबण बनवितात आणि साबणाचे रेणू तेल व पाणी या दोहोंना धरून ठेवतात. परिणामी थर अलग न होता दुधासारखे पायस तयार होते. मुक्त मेदाम्ले दोन टक्क्यांच्या आसपास वा त्याहून अधिक असल्यास प्रथम सल्फ्युरिक आम्लाच्या साहाय्याने त्यांचे ईस्टर बनवून घेणे इष्ट ठरते. या पूर्वप्रक्रियेतही दोन थर पडतात. मात्र येथे मिथेनॉल-पाण्याचा थर वर आणि तेलाचा थर खाली असतो. थरांचा हा उलटा क्रम नवख्या कामगारास ठाऊक नसेल, तर चुकीचा थर काढून टाकला जाण्याचा संभव असतो.

पाण्याने धुणे

ग्लिसरीनचा थर काढल्यानंतरही बायोडिझेलमध्ये मिथेनॉल, साबण, उत्प्रेरक व ग्लिसरीन यांचे अंश उरतात. हे सर्व पदार्थ पाण्यात सहज विरघळतात, तर बायोडिझेल जवळजवळ विरघळत नाही. म्हणून पन्नास ते साठ अंश तापमानाच्या पाण्याने बायोडिझेल धुणे ही सर्वांत जुनी व खात्रीची पद्धत होय. पाणी वरून सूक्ष्म फवाऱ्याने सोडणे, तळातून हवेचे बुडबुडे सोडणे किंवा संथ ढवळणे हे तिचे प्रचलित प्रकार आहेत. पहिल्या धुणाच्या पाण्यात किंचित आम्ल मिसळले तर साबण मोडून पायस होण्याचा धोका टळतो. मात्र साबणातून सुटलेली मेदाम्ले इंधनातच राहून त्याचे आम्लमूल्य वाढवितात. धुतलेले बायोडिझेल शेवटी निर्वातात तापवून कोरडे करावे लागते, हा ऊर्जेचा आणखी एक खर्च होय.

या पद्धतीची खरी किंमत सांडपाण्यात मोजावी लागते. धुणाच्या पाण्यात मिथेनॉल, साबण, ग्लिसरीन व तेलाचे कण असल्याने त्यातील सेंद्रिय भार फार मोठा असतो. असे पाणी नाल्यात सोडणे कायद्याने व विवेकाने वर्ज्य आहे. म्हणजेच स्वच्छ पाणी मिळविण्याची अडचण आणि घाण पाणी शुद्ध करण्याचा खर्च असा दुहेरी भार लघुउद्योजकावर पडतो.

तेवढ्याच पाण्यात अधिक शुद्धता

प्रश्न असा की, पाणी किती वापरले यावर शुद्धता अवलंबून असते की ते कसे वापरले यावर? याचे उत्तर नर्न्स्टच्या नियमातच दडलेले आहे. उदाहरणादाखल हजार लिटर बायोडिझेल घेऊ. गणिताच्या सोयीसाठी अशुद्धीचा पाणी व बायोडिझेल यांमधील वितरण गुणांक दहा मानू. प्रत्यक्षात तो पदार्थागणिक वेगळा असतो, परंतु निष्कर्षाची दिशा त्यामुळे बदलत नाही.

पहिला मार्ग : पाचशे लिटर पाणी एकदाच घालून धुतले. समतोल साधल्यावर अशुद्धीचा सहावा भाग, म्हणजे १६.७ टक्के, बायोडिझेलमध्ये राहतो.

दुसरा मार्ग : तेच पाचशे लिटर पाणी शंभर-शंभर लिटरच्या पाच हप्त्यांत वापरले. प्रत्येक धुणानंतर अशुद्धी निम्मी होते. पाच धुणांनंतर बत्तिसावा भाग, म्हणजे ३.१ टक्के उरतो.

तिसरा मार्ग : पाच टप्पे ठेवले, परंतु बायोडिझेल एका बाजूने व पाणी विरुद्ध बाजूने पुढे सरकत गेले. स्वच्छ पाणी प्रथम सर्वांत स्वच्छ बायोडिझेलला भेटते आणि शेवटी सर्वांत मलिन बायोडिझेलला धुऊन बाहेर पडते. अशा प्रतिप्रवाही मांडणीत केवळ दोनशे लिटर पाण्यात १.६ टक्के अशुद्धी उरते. पाचशे लिटर पाणी दिले तर हेच प्रमाण ०.०३ टक्क्यांच्याही खाली जाते.

दुसऱ्या व तिसऱ्या मार्गाची तुलना केली असता असे दिसते की, पाणी निम्म्याहून कमी लागूनही उरलेली अशुद्धी जवळजवळ निम्मी झाली. यंत्रसामग्री नवी नाही, रसायन नवे नाही; बदलला तो केवळ पाण्याचा क्रम. टंचाईच्या काळात आपल्याकडील घराघरांत हेच तत्त्व पाळले जाते. कपडे खळबळताना शेवटचे निर्मळ पाणी टाकून न देता पुढील कपड्यांच्या पहिल्या खळबळण्यास वापरले जाते. रासायनिक अभियांत्रिकीत ज्यास प्रतिप्रवाही निष्कर्षण म्हणतात, ते आणि ही गृहिणीची रीत यांत तत्त्वतः भेद नाही.

मोठ्या प्रकल्पांत यासाठी उभे स्तंभ वापरतात. जड पाणी वरून खाली येते, हलके बायोडिझेल खालून वर जाते आणि मधल्या सच्छिद्र तबकड्यांवर किंवा भरणावर दोघांची गाठ पडते. लहान प्रकल्पास स्तंभ परवडत नसेल, तर तीन टाक्यांवरही काम भागते. आजच्या खेपेच्या तिसऱ्या धुणाचे पाणी साठवून उद्याच्या खेपेच्या दुसऱ्या धुणास आणि दुसऱ्या धुणाचे पाणी पहिल्या धुणास वापरावे. ताजे पाणी केवळ शेवटच्या धुणासच लागते. साबणाचे प्रमाण जास्त असल्यास मात्र पायस टाळण्यासाठी पहिले धुणे संथपणे करणे आवश्यक आहे.

पाण्याविना शुद्धीकरण

पाणी पूर्णपणे वगळण्याचेही प्रयत्न झाले आहेत. आयन-विनिमय रेझिन किंवा मॅग्नेशियम सिलिकेटची भुकटी यांच्या थरातून बायोडिझेल नेले असता साबण व ग्लिसरीन त्यावर धरले जातात. यात सांडपाणी निर्माण होत नाही व नंतर कोरडे करण्याचीही फारशी गरज उरत नाही. परंतु वापरून झालेल्या भुकटीची विल्हेवाट हा नवा प्रश्न उभा राहतो आणि मिथेनॉल आधीच काढून घ्यावे लागते. ही पद्धत द्रव-द्रव पृथक्करणाची नसून घन पदार्थावरील शोषणाची आहे.

द्रव-द्रव पृथक्करणाच्या कक्षेतील नवा मार्ग म्हणजे पाण्याऐवजी दुसरा ध्रुवीय द्रव वापरणे. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाच्या अँड्र्यू अ‍ॅबट व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये कोलीन क्लोराइड हा क्षार व ग्लिसरीन यांच्या मिश्रणाने बायोडिझेलमधील ग्लिसरीन ओढून घेता येते, असे दाखविले. दोन पदार्थ एकत्र येऊन दोहोंपेक्षा कमी तापमानाला वितळणारा द्रव बनतो, म्हणून अशा द्रवांना अतिनिम्न द्रवणांकी द्रावक म्हणता येईल. अशुद्धी म्हणून काढावयाचा पदार्थच येथे द्रावकाचा घटक आहे, हे या कल्पनेचे वैशिष्ट्य होय. द्रावक पुन्हा वापरण्यायोग्य करणे व त्याचा खर्च या अडचणींमुळे या पद्धतीचा औद्योगिक प्रसार मर्यादित राहिला असला, तरी जलटंचाईच्या प्रदेशातील संशोधकांनी तिच्याकडे लक्ष द्यावयास हवे.

इथेनॉलमधील द्रव-द्रव पृथक्करण

मराठवाड्याच्या दृष्टीने बायोडिझेलपेक्षा इथेनॉलचे प्रत्यक्ष महत्त्व अधिक आहे. मांजरा खोऱ्यातील साखर कारखानदारी सर्वश्रुत आहे आणि अहमदपूर तालुक्यातही उजना येथे साखर कारखाना आहे. उसाच्या मळीचे किण्वन केले असता साधारणतः आठ ते दहा टक्के अल्कोहोल असलेला द्रव मिळतो. इथेनॉल पाण्यात सर्व प्रमाणात मिसळते. त्यामुळे येथे केवळ थर बसवून भागत नाही व ऊर्ध्वपातनाचा आश्रय घ्यावा लागतो. तथापि या ऊर्ध्वपातनातही दोन ठिकाणी द्रव-द्रव पृथक्करण उपयोगी पडते.

पहिले ठिकाण फ्यूजेल तेलाचे. किण्वनात इथेनॉलबरोबर अमाइल अल्कोहोलसारखी जड अल्कोहोलेही अल्प प्रमाणात तयार होतात आणि ती स्तंभाच्या मधल्या भागात साचतात. तेथून काढलेल्या प्रवाहात पाणी मिसळून तो थंड केला असता जड अल्कोहोलांचा तेलकट थर वर तरंगतो, तर इथेनॉल पाण्यात राहून पुन्हा स्तंभात जाते. येथे वापरलेले पाणी वाया जात नाही, कारण ते प्रक्रियेतच परत येते.

दुसरे ठिकाण निर्जलीकरणाचे. इथेनॉल व पाणी यांचे मिश्रण वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर पोहोचले की त्याची वाफ व द्रव यांचे घटकप्रमाण सारखेच होते आणि साधे ऊर्ध्वपातन कुंठित होते. पेट्रोलमध्ये मिसळावयाचे इथेनॉल तर आकारमानाने किमान ९९.५ टक्के असावे लागते. ही कोंडी सिडनी यंग या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये फोडली. त्याने मिश्रणात बेन्झिन मिसळले. बेन्झिन, पाणी व इथेनॉल यांचे त्रिघटक मिश्रण सुमारे ६५ अंशाला उकळून स्तंभाच्या माथ्यावरून बाहेर पडते आणि थंड होताच निथारणीपात्रात त्याचे दोन थर होतात. वरचा बेन्झिनयुक्त थर स्तंभात परत जातो, खालच्या थरातून पाणी निघून जाते आणि स्तंभाच्या तळाशी निर्जल इथेनॉल मिळते. म्हणजे ऊर्ध्वपातनाला जे साधले नाही, ते दोन द्रवांच्या न मिसळण्याने साधले. बेन्झिन कर्करोगकारक असल्याने पुढे त्याची जागा सायक्लोहेक्झेनने घेतली. आता बहुतेक नव्या आसवन्यांत रेणवीय चाळणी वापरतात. तिच्या खनिजातील छिद्रे तीन अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरच्या तीन कोट्यंश, एवढी असतात. त्यांत पाण्याचा रेणू शिरतो व इथेनॉलचा मोठा रेणू बाहेर राहतो. या बदलामुळे विषारी द्रावक प्रक्रियेतून हद्दपार झाले व ऊर्जेचीही बचत झाली.

यावरून हेही ध्यानात येते की, द्रव-द्रव पृथक्करण सर्वत्र श्रेष्ठ नसते. जेथे दोन द्रव स्वभावतःच अलग होतात तेथे ते स्वस्त पडते; जेथे त्यांना तिसऱ्या द्रवाच्या मदतीने अलग करावे लागते तेथे त्या तिसऱ्या द्रवाची किंमत व धोका हिशेबात धरावा लागतो. ब्यूटेनॉल हे पहिल्या प्रकारचे उत्तम उदाहरण होय. ते पाण्यात सुमारे आठ टक्क्यांपर्यंतच विरघळते. त्यामुळे किण्वनातून आलेल्या विरल द्रवाचे एकदा ऊर्ध्वपातन केले की थंड झालेली वाफ आपोआप दोन थरांत विभागते आणि बाहेरील द्रावकाची गरज भासत नाही.

मळीवर चालणाऱ्या आसवन्यांत दर लिटर अल्कोहोलमागे साधारण आठ ते पंधरा लिटर सांडद्रव निघतो, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. त्याच्या तुलनेत निथारणीपात्रातील पाणी नगण्य आहे. म्हणून इथेनॉलच्या बाबतीत पाणी वाचविण्याची मुख्य जागा सांडद्रवातील पाणी परत मिळविणे ही होय, तर बायोडिझेलच्या बाबतीत ती धुण्याची पद्धत ही होय. दोहोंना एकच उपाय लागू करणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरणार नाही.

टाकीतील नको असलेले पृथक्करण

ज्या तत्त्वाचा कारखान्यात उपयोग होतो, तेच तत्त्व ग्राहकाच्या टाकीत अपाय करू शकते. इथेनॉल पेट्रोलमध्ये विरघळते आणि पाण्यातही विरघळते. परंतु त्याचा ओढा पाण्याकडे अधिक आहे. दहा टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल सर्वसाधारण तापमानाला सुमारे अर्धा टक्का पाणी सामावून घेते. त्याहून अधिक पाणी शिरले की पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर बनवितात आणि वरच्या पेट्रोलमधील इथेनॉल कमी होते. इथेनॉलचे प्रमाण वाढले की पाणी सामावण्याची ही मर्यादाही वाढते. तथापि पावसाळ्यात भूमिगत टाकीत झिरपणारे पाणी या मर्यादेपुढे गेल्यास वाहनात पेट्रोलऐवजी इथेनॉलमिश्रित पाणी जाऊ शकते. निर्जलीकरणाच्या ९९.५ टक्क्यांच्या आग्रहामागील कारण यातून स्पष्ट होते. भारतात जून २०२२ मध्ये दहा टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट साध्य झाले आणि वीस टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठल्याचे केंद्र शासनाने जाहीर केले. अशा स्थितीत साठवण टाक्यांतील पाण्याची नियमित तपासणी हा आता प्रत्येक पंपाच्या दैनंदिन कामाचा भाग झाला पाहिजे.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेची भूमिका

वरील विवेचनातील बहुतेक तत्त्वे पदवी स्तरावरील विभाजक नरसाळ्याने पडताळून पाहता येतात. या दृष्टीने रसायनशास्त्र विभागांसाठी पुढील उपक्रम सुचवावेसे वाटतात.

१. वसतिगृहाच्या भोजनगृहातील वापरून झालेल्या तेलातील मुक्त मेदाम्लांचे अनुमापन करणे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये अशा तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली असून त्यापुढील तेल स्वयंपाकात वापरता येत नाही. त्यामुळे हा कच्चा माल आता सर्वत्र उपलब्ध आहे.

२. या तेलापासून अल्प प्रमाणात बायोडिझेल तयार करून त्याचे तीन सारखे भाग करणे आणि सारखेच पाणी अनुक्रमे एका, दोन व पाच हप्त्यांत वापरून ते धुणे. प्रत्येक धुणाच्या पाण्याची विद्युत्‌वाहकता व उरलेला साबण मोजल्यास वर मांडलेल्या गणिताची प्रचिती विद्यार्थ्यांना येईल.

३. मोजपात्रात पेट्रोल व पाणी हलवून स्थिर केल्यावर पाण्याचा थर किती वाढला, यावरून पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण अजमावणे.

मिथेनॉल विषारी व ज्वलनशील असून पेट्रोलही ज्वालाग्राही आहे. म्हणून हे प्रयोग उघड्या ज्योतीपासून दूर, हवेशीर जागेत व शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावेत. प्रयोगातील सांडपाण्याचे मोजमाप हाही नोंदवहीचा भाग असावा, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. उत्पादन किती टक्के मिळाले याबरोबरच पाणी किती मिलिलिटर लागले, हा रकाना आपल्या विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत असणे मराठवाड्यात तरी अगत्याचे आहे.

समारोप

द्रव-द्रव पृथक्करण ही जैवइंधनाच्या शुद्धीकरणातील मूलभूत प्रक्रिया आहे. बायोडिझेलमध्ये ती ग्लिसरीन अलग करते व पाण्याच्या साहाय्याने उरलेली अशुद्धी धुऊन काढते. इथेनॉलमध्ये ती फ्यूजेल तेल वेगळे करते आणि एकेकाळी निर्जलीकरणाचाही आधार होती. पाणी मुबलक असलेल्या प्रदेशात या पद्धतींची निवड खर्च व शुद्धता या दोन कसोट्यांवर होऊ शकेल. ज्या जिल्ह्याला २०१६ मध्ये पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले, तेथे दर लिटर इंधनामागे किती पाणी खर्ची पडते, ही तिसरी कसोटी तितकीच महत्त्वाची मानली पाहिजे. एकदाच भरपूर पाण्याने धुण्याऐवजी थोड्या पाण्याने, विरुद्ध दिशेने व टप्प्याटप्प्याने धुणे हा या कसोटीवर उतरणारा सहजसाध्य उपाय आहे. त्यासाठी लागणारे ज्ञान पदवीच्या पाठ्यपुस्तकात आहे. ते आपल्या परिसरातील लघुउद्योजकापर्यंत पोहोचविणे, ही महाविद्यालयीन अध्यापकांची जबाबदारी होय.